कवला ओळखायचाय? मग फूल सगळ्यात शेवटी बघा

सप्टेंबरात कास पठारावर उभं राहिलं की कुणी ना कुणी ओरडतंच, "ए, मिकी माऊस!" बोट जिकडे असतं तिकडे पिवळं काहीतरी असतं. कधी ते खरंच कवल्याचं, म्हणजे पावसाळ्यात उगवणाऱ्या एका शेंगवर्गीय रोपट्याचं, फूल असतं, कधी सोनकी, कधी खुळखुळा. नावाला माझी हरकत नाही. कवल्याच्या वरच्या पाकळीवरचे दोन लाल ठिपके बघून पोरांना गंमत वाटते आणि पोरं मोबाईल खिशात ठेवून खाली वाकतात, एवढं मला पुष्कळ आहे. पण लाल ठिपके दिसले म्हणजे झाड ओळखलं, असं कुणी म्हणालं की माझ्यातली बाई जागी होते. साताऱ्यात शाळेत विज्ञान शिकवण्यात उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे "कशावरून?" हा प्रश्न तोंडात बसलेला आहे.

सह्याद्रीत कवल्याच्या बऱ्याच जाती आहेत. बहुतेक पिवळ्या, एक चक्क जांभळी. फुलाच्या तोंडावरून ओळखायला गेलात तर पिवळे सगळे एकाच माळेचे मणी. म्हणून मी उलट्या वाटेनं जाते. आधी पान, मग पानाचं बूड, मग फुलाच्या खालचा हिरवा भाग, आणि फूल शेवटी. ही वाट एकदा पायाखालची झाली की फूल उमललेलं नसतानाही कवला ओळखता येतो.

सामान फार लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग, छोटी पट्टी, पोस्टकार्डाएवढा पांढरा पुठ्ठा आणि घडी घातलेलं गोणपाट. गोणपाट गुडघ्यांसाठी. जांभा दगड पावसाळ्यात शेवाळलेला असला तरी टोचायचं काही सोडत नाही, आणि बहुतेक कवला वीतभर उंचीचा. उभ्या उभ्या ओळखण्यातलं हे झाड नाही. पुठ्ठा फुलामागे धरला की गवताची गर्दी नाहीशी होते आणि फोनचा कॅमेरा नेमका फुलावर स्थिरावतो. भिंग वापरताना ते डोळ्याला जवळजवळ चिकटवा आणि मान खाली न्या. लोक भिंग फुलाजवळ धरतात आणि स्वतः लांब राहतात. मग "काहीच दिसत नाही" म्हणतात.

आधी शेंगांचं घराणं पटवून घ्या

वाल, पावटा, तूर, हरभरा, अगस्ता यांपैकी एकाचं तरी फूल तुम्ही पाहिलेलं असतंच. कवला त्याच कुळातला, आणि फुलाची ठेवणही तीच. एक पाकळी मोठी, वर ताठ उभी. तिला पताका म्हणतात. दोन बाजूंना दोन पंख. खाली दोन पाकळ्या एकमेकींना चिकटून झालेली नौका, आणि तिच्या पोटात पुंकेसर व स्त्रीकेसर लपलेले. मधमाशी नौकेवर उतरते, तिच्या भारानं नौका खाली जाते आणि आतले पुंकेसर तिच्या पोटाला लागतात. सकाळचं ऊन पडल्यावर एका झुडपापाशी थोडा वेळ थांबलात तर हे डोळ्यांदेखत घडतं. लाल ठिपके पताकेवर, मधाच्या वाटेच्या तोंडाशी का असतात, ते तेव्हा वेगळं सांगावं लागत नाही.

सोनकी इथेच बाद होते. तिच्या मध्यभागी बारीक फुलांची गोल चकती असते आणि भोवती पाकळ्यांचं कडं. पताका नाही, नौका नाही. टाकळाही बाद, कारण त्याच्या पाचही पाकळ्या जवळपास सारख्या आणि पसरलेल्या असतात, पुंकेसर उघडे दिसतात. पठारावर जांभळा गालिचा घालणारी सीतेची आसवं लांबून जांभळ्या कवल्यासारखी वाटतात खरी, पण भिंगातून बघा. फुलाला मागे टोकदार शेपटी असते, आणि पिसासारखं संयुक्त पान शोधूनही सापडत नाही. ती तर कीटक खाणारी वनस्पती. तेरडे मी यात धरतच नाही, त्यांची ओळख पटवायला माझी गरज नाही.

पान

कवल्याचं पान संयुक्त असतं, म्हणजे एका मधल्या दांडीवर दोन्ही बाजूंना छोट्या पानांच्या, म्हणजे पर्णिकांच्या, जोड्या. मोजायला लागा. संख्या समच येईल, कारण टोकाला एकटी पर्णिका नसते. तिच्या जागी दांडीचा शेवट एका बारीक केसात होतो. हा केस पाहण्यासाठी भिंग लागतंच. पर्णिकांच्या कडेला आणि खालच्या बाजूच्या मधल्या शिरेवरही बहुधा राठ केस असतात.

एवढ्यानं पुष्कळ गाळणी होते. खुळखुळ्याचं पान एकतर साधं असतं किंवा तीन पर्णिकांचं, पिसासारखं नाही. पठारावर आणि माळावर झोर्निया नावाची एक छोटी शेंगवर्गीय वनस्पती असते, तिच्या पानाला फक्त दोन पर्णिका, आणि प्रत्येक फूल दोन हिरव्या छदांच्या, म्हणजे फुलालगतच्या पानासारख्या खवल्यांच्या, मध्ये दडलेलं. कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे कातळपठारांवर, जेसॅस्पिस भेटते. तिची छदं गोल आणि एवढी मोठी असतात की फुलं त्यांच्या आड जातात. एकदा पाहिली की पुन्हा कुणाशी गल्लत होत नाही.

आता अडचणीचे गडी. टाकळ्याच्या भावकीतली कॅमिक्रिस्टा, पानं अगदी बारीक, पिसासारखी, फूल पिवळं. फुलावर नसताना ती भल्याभल्यांना चकवते. तिच्या पानाच्या देठावर, सगळ्यात खालच्या पर्णिकांच्या जरा खाली, एक छोटी ग्रंथी असते. कवल्याला ती नसते. दुसरा गडी म्हणजे भातखाचरात आणि ओढ्याच्या काठी वाढणारी एस्किनोमिनी. तिच्या पानाला पर्णिकांची भरपूर दाटी, फूल पिवळसर, आणि ती कवल्याची जवळची नातेवाईकही आहे. तिला शेंगेवरून पकडायचं, त्याकडे येतेच. लाजाळूचं मात्र काही नाही. तिला काटे असतात आणि फुलांचा गुलाबी गोंडा. फक्त पान मिटतं म्हणून कुणी कवल्याला लाजाळू म्हणालं तर समजुतीनं घ्या, कारण कवल्याची एक जात हात लावल्यावर खरोखर पान मिटते.

पानाचं बूड, जे कुणी बघत नाही

पान फांदीला जिथे जोडलं जातं तिथे पानासारखी दोन छोटी खवली असतात, ती उपपर्णं. कवल्याची उपपर्णं पातळ, सुकी, कागदी पोताची, आणि पान वाढलं तरी गळून न जाणारी. त्यांची खूण अशी की ती जोडाच्या वर तर जातातच, पण जोडाच्या खालीही त्यांचं एक टोक उतरलेलं असतं. म्हणजे उपपर्ण मधेच कुठेतरी फांदीला टेकलेलं असतं, बुडाशी नाही. हे पाहायला फांदी तोडायची गरज नसते. भिंग आडवं धरून बाजूनं बघा. मी नवख्यांना पानानंतर लगेच इथेच आणते, कारण हे पटलं की पुढे शंका फार उरत नाहीत. फोटो काढणाऱ्यांना इथला फोटो काढायला सांगितला की ते माझ्याकडे दयेनं बघतात.

निदलपुंज, म्हणजे खरी सही

फुलाच्या खाली हिरवं आवरण असतं, तो निदलपुंज. वाटाण्यात तो पाच दातांचा असतो. कवल्यात त्याचे दोन ओठ होतात, एक वरचा, एक खालचा. फूल गळून पडतं, पण हे दोन ओठ गळत नाहीत. ते मिटतात, वाळतात, कागदासारखे होतात आणि आत शेंग वाढवत बसतात.

ही शेंग म्हणजे कवल्याची सगळ्यात मजेदार गोष्ट. ती सपाट मणी एकापुढे एक जोडल्यासारखी असते, पण सरळ बाहेर येत नाही. निदलपुंजाच्या आतच नऊवारीच्या निऱ्यांसारखी घडीवर घडी पडून बसते. पिकली की एकेक मणी सुटा होतो, प्रत्येकात एक बी. एस्किनोमिनीची शेंगही मण्यांचीच, पण ती लांब, सरळ, उघड्यावर लोंबणारी. शेंग दिसत असेल तर कवला नाही. शेंग लपलेली असेल, वाळक्या दोन ओठांच्या आत चापून बसलेली असेल, तर कवला. पान, उपपर्ण आणि हे, तिन्ही जुळलं की वहीत वंशाचं नाव लिहायला हरकत नाही: स्मिथिया.

(हे नाव जेम्स एडवर्ड स्मिथ यांच्यावरून. 1788 साली लंडनला लिनिअन सोसायटी स्थापन करणारे तेच. वनस्पतींच्या शास्त्रीय नामकरणाचा पाया घालणाऱ्या लिनिअसचा सगळा संग्रह त्यांनीच विकत घेतला होता.)

आणखी खात्री हवी असेल तर जमिनीवर गळून पडलेलं एखादं ताजं फूल उचला आणि नौका हलकेच उघडा. शाळेत आपण वाटाण्यात पुंकेसर नऊ अधिक एक असे पाठ केलेले असतात. खुळखुळ्यात दहाच्या दहा बुडाशी एकत्र जुळलेले असतात. कवल्यात पाच आणि पाच अशा दोन जुड्या होतात. झाडावरचं फूल यासाठी खुडू नका. कासला तर फूल तोडायला मनाईच आहे, आणि गळलेली फुलं हवी तेवढी मिळतात.

आता जात

इथून पुढे धीर लागतो. भिंगानं निदलपुंजाच्या शिरा बघा. त्या देठापासून टोकाकडे सरळ, एकमेकींना न भेटता, रेघा ओढल्यासारख्या जात असतील तर तुम्ही लहान कवल्याच्या, म्हणजे स्मिथिया सेन्सिटिव्हाच्या, किंवा त्याचा सख्खा भाऊ स्मिथिया कॉन्फर्टाच्या दारात आहात. ही मंडळी ओलसर जागेत, भाताच्या बांधावर, तळ्याच्या काठी पसरतात, फुलं लहान. हात लावल्यावर पान मिटणारा हाच सेन्सिटिव्हा. पानाला हात लावायचा असेल तर आधी पर्णिका मोजून घ्या, मग लावा. मिटल्यावर मोजणं म्हणजे डोकेदुखी.

शिरा एकमेकींत शिरून जाळं झालेलं असेल तर पठारावरच्या आणि डोंगरउतारावरच्या जातींकडे वळायचं. कासला आणि पुरंदर-सिंहगडाच्या उतारांवर जो आपल्याला मिकी माऊस म्हणून दाखवतात तो बहुतेक स्मिथिया हिर्सुटा. खोडावर दाट केस, फूल ठसठशीत पिवळं, पताकेच्या बुडाशी दोन लाल डाग. लाल डाग मी आता सांगतेय, कारण आता त्यांना किंमत आहे. केस, शिरा आणि डाग तिन्ही एकत्र आले तर नाव पक्कं.

पर्णिका जेमतेम दोन जोड्या, म्हणजे चार, आणि शिरांचं जाळं स्पष्ट, तर स्मिथिया बायजेमिना बघा. एकच पान मोजून निकाल देऊ नका, वरची, मधली, खालची अशी वेगवेगळी पानं मोजा. झाड चांगलं उंच, गुडघ्याच्या वर सहज जाणारं, फुलं मोठी, आणि अंगावरचे केस मऊ नसून राठ, प्रत्येक केसाच्या बुडाशी बारीक फोड, तर तो मोठा कवला, स्मिथिया सेट्युलोसा. हा ओळखायला सोपा आहे, बोटालाच कळतो. हिर्सुटा, बायजेमिना आणि सेट्युलोसा या तिघांना शास्त्रीय नावं दिली ती निकोल डालझेल यांनी, एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात जकात खात्यात असताना. नोकरी जकातीची आणि नजर गवतातल्या वीतभर झाडावर, हे मला आवडतं.

जांभळं फूल, पताकेवर पांढरे ठिपके, तर बरका, स्मिथिया परप्युरिया. महाबळेश्वर, कास, रायगडाकडे भेटतो. रंगावरून बिनधास्त ओळखावा असा हा एकटाच, त्यामुळे मी त्यावर जास्त बोलत नाही.

आणि स्मिथिया आघारकरी. ही फक्त आपल्या पश्चिम घाटातली. नाव शंकर पुरुषोत्तम आघारकरांचं. मालवणला जन्मलेले, पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ. आज ती संस्था त्यांच्याच नावानं ओळखली जाते. तरुणपणी सातारा भागात भटकताना त्यांना नदीच्या गोड्या पाण्यात जेलीफिश सापडली होती, हे सांगितलं की वर्गातली शेवटच्या बाकावरची पोरंही मान वर करायची. आघारकरी पटवायची तर सरळ हर्बेरियममधल्या, म्हणजे वाळवून जपलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या, नमुन्याशी ताडून बघा किंवा जाणकाराला विचारा. फोटोवरून मी तिचं नाव सांगत नाही, तुम्हीही सांगू नका.

फोटो कसे घ्यायचे

लोक मला फुलाचे समोरून काढलेले पंधरा फोटो पाठवतात. सगळे सुंदर, सगळे निरुपयोगी. मला हवं ते असं: पूर्ण झाड, आजूबाजूच्या जागेसकट, म्हणजे कळतं की ते जांभ्यावर आहे, गवतात आहे की पाण्याच्या कडेला. एक पूर्ण पान वरून, टोकाचा केस दिसेल असं. पानाचं बूड बाजूनं. निदलपुंज बाजूनं, शिरा मोजता येतील इतका जवळून आणि प्रकाशाच्या दिशेनं, म्हणजे उजेड आरपार येऊन जाळं उठून दिसतं. आणि मग हवं तर फूल समोरून. एका फोटोत पट्टी ठेवा. ओळख सांगणाऱ्या मोबाईल ॲपला फक्त फूल दाखवलंत तर ते एक नाव ठोकून देतं, तेही मोठ्या आत्मविश्वासानं. तेच फोटो आयनॅचरलिस्ट किंवा ई-फ्लोरा ऑफ इंडिया या संकेतस्थळांवर टाकले तर माणसं बघतात, वाद घालतात, त्यातून शिकायला मिळतं. जात नक्की नसेल तर नुसतं "स्मिथिया" लिहा. त्यात कमीपणा नाही, हर्बेरियममध्येही असे कागद असतात.

भाजीचं काय?

हा प्रश्न येतोच, कारण कवला ही पावसाळी रानभाजी आहे. माझ्या सासूबाई कर्जतकडच्या. आषाढ लागला की कातकरी आणि ठाकर बायका बाजारात कवल्याच्या जुड्या घेऊन बसतात, आणि सासूबाई जुडी हातात घेतल्या घेतल्या पानाला बोट लावून बघायच्या. भाजी कोवळ्या पाल्याची, फुलं यायच्या आधीची. बारीक चिरून कांदा आणि भिजवलेली चण्याची डाळ घालून परततात. म्हणजे ज्या काळात भाजी होते त्या काळात फूल नसतं, आणि मी वर सांगितलेल्या खुणांपैकी निम्म्या नसतात. तेव्हा वाचून ओळखलेली रानभाजी घरी नेऊ नका. ती विकणाऱ्या बाईकडून घ्या, तिला विचारा, दोन पैसे तिला मिळू द्या. तिची ओळख बोटांत आहे, आपली भिंगात. आणि पठारावरचा कवला तर खुडायचाच नाही.

कधी आणि कुठे

पहिल्या पावसात उगवण, श्रावणात वाढ, ऑगस्टच्या शेवटापासून फुलं, ऑक्टोबर संपेपर्यंत बहुतेक सगळं वाळून पडतं. कास साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटर, उंची बाराशे मीटरच्या आसपास, आणि 2012 साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याची नोंद झाली; हंगामात तिथे प्रवेश शुल्क आणि ऑनलाइन नोंदणीचा मामला असतो. शनिवार-रविवार टाळा. जमलं नाही तर कासचा हट्टही सोडा. साताऱ्याजवळची चाळकेवाडी, पन्हाळ्याजवळचं मसाई पठार, कोकणातले सडे, तुमच्या गावामागचा माळ, कुठेही बसता येतं. पठारावर पाऊल दगडावर ठेवा, ओल्या मातीवर नाही. जांभ्यावर मातीचा थर बोटभर असतो, कुठे तेवढाही नाही, आणि त्या थरातच पुढच्या वर्षीच्या बिया पडलेल्या असतात.

शिकायच्या दृष्टीनं मला विचाराल तर दोन खेपा करा. एक ऐन बहरात, रंग आणि डाग बघायला. दुसरी दसऱ्यानंतर. तोवर पिवळा रंग उडालेला असतो, पर्यटक पांगलेले असतात, पण झाडावर वाळके निदलपुंज भरपूर असतात. कागदी झालेल्या ओठांवर शिरा हिरव्यापेक्षा कितीतरी स्वच्छ दिसतात, आतली घडी उघडून शेंगेचे मणी मोजता येतात, आणि गाडी लावायला जागाही मिळते.